लँडलाइन फायबरवर गेल्यावर घरच्या ऑफिसातले फोन, प्रिंटर आणि वायफाय कसे जोडावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातलं दुमजली घर, खाली राहणं, वर कर सल्लागाराचं ऑफिस. तांब्याच्या तारेवरची जुनी लँडलाइन बंद होऊन तोच नंबर फायबरवर आला आणि ओएनटीची पेटी (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं नेट आणि फोन करणारी) खाली हॉलमध्ये टीव्हीजवळ बसली. तेव्हापासून ऑफिसातला फोन डेड आहे. वर वायफाय पोहोचत नाही म्हणून दुसरा राउटर घेतला, तर आता प्रिंटर कधी दिसतो, कधी दिसत नाही. व्हिडिओ कॉल अडकतो. वीज गेली की फोनही जातो. मल्टिफंक्शन मशीनचा फॅक्स चालू ठेवायचा आहे. जुनं वायरिंग उपयोगाचं आहे का, आणि ओएनटी काढून स्वतःचा चांगला राउटर लावावा का?

जुनं वायरिंग फोनसाठी पूर्ण उपयोगाचं आहे, नेटसाठी अजिबात नाही. ओएनटी काढू नका. बाकी सगळं सुटतं, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. तांब्याच्या लाइनला डायल टोन, घंटीचं व्होल्टेज, फोन चालायला लागणारी वीज हे सगळं एक्स्चेंजमधून यायचं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, फक्त प्रकाश येतो. त्यामुळे फोनच्या बाबतीत एक्स्चेंजने करायची कामं आता तुमच्या हॉलमधली पेटी करते. डायल टोन ती देते, घंटी ती वाजवते, आणि तिला वीज पुरवणं तुमच्याकडे आलं आहे. लोकांचे निम्मे घोटाळे हे न समजल्यामुळे होतात.

आधी फोन. ओएनटीच्या मागे एक किंवा दोन छोटी खोबणी असतात, त्यांवर टेल, फोन किंवा पॉट्स असं लिहिलेलं असतं. एक साधा फोन, त्याच्याच वायरने, थेट त्या खोबणीत लावा. डायल टोन आला तर कंपनीकडून येणारी सेवा नीट आहे आणि दोष घरातल्या वायरिंगचा आहे. टोन नाही आणि पेटीवरचा फोनचा दिवाही बंद असेल, तर नंबरची नोंदणीच झालेली नाही. मग घरात कितीही वायरी उचकटल्या तरी उपयोग नाही, तक्रार नोंदवा. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी आहे.

टोन आला असं धरून पुढे जाऊ. तुमच्या घरी खांबावरच्या डीपीतून (लाइन वाटणाऱ्या डब्यातून) ड्रॉप वायर आली असेल, ती पहिल्या रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या छोट्या डबीत, उतरली असेल आणि तिथून एक जोडी भिंतीतून वर ऑफिसात गेली असेल. वरचा फोन अजून त्या रोझेटकडे बघतोय आणि रोझेटला बाहेरून काहीच येत नाही. इलाज सोपा आहे: रोझेटला बाहेरून मिळायचं ते आता ओएनटीकडून द्यायचं. पण त्याचा क्रम चुकवायचा नाही.

रोझेटचं झाकण उघडा. आत दोन स्क्रूंवर वायरींच्या दोन जोड्या आवळलेल्या दिसतील, एक बाहेरून आलेली आणि एक वर गेलेली. बाहेरची काळी, जाड आवरणाची असते, त्यामुळे ओळखू येते. आधी बाहेरची जोडी सोडवा, दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा आणि ती बाजूला मुडपून ठेवा. हे केल्याशिवाय ओएनटीची वायर तिथे जोडायची नाही. कारण तांब्याची लाइन बंद झाली असं कागदावर असलं तरी एक्स्चेंजमधला जंपर (लाइन जोडणारी तार) बरेचदा काढलेला नसतो, आणि मल्टिमीटर लावला तर त्या जोडीवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी मिळतं. एकाच जोडीला दोन्ही बाजूंनी व्होल्टेज गेलं तर ओएनटीचा फोन पोर्ट जळू शकतो. नंबर दुसऱ्याच कुणाला दिलेला असेल तर आणखी वेगळा गोंधळ. लाइनच खरोखर मेलेली असली तरी पावसाळ्यात खांबापासून घरापर्यंतच्या तारेने आकाशातली वीज आत येण्याचा धोका असतोच, म्हणून ती जोडी सोडवणं हिताचंच.

बाहेरची जोडी सुटली की ओएनटीच्या फोन पोर्टपासून रोझेटपर्यंत साधी टेलिफोन वायर ओढा. आरजे-११ (फोनच्या छोट्या) प्लगच्या मधल्या दोन पिना लाइनच्या असतात. त्यांच्या वायरी वर जाणाऱ्या जोडीच्या स्क्रूंवर आवळा. कुठली वायर कुठे, याने हल्लीच्या फोनना फरक पडत नाही. हे करताना ओएनटी बंद ठेवा. घंटी वाजताना त्या दोन वायरींवर ७० ते ९० व्होल्ट एसी असतं, आणि नेमका त्या क्षणी कुणाचा फोन आला तर हाताला चांगलाच झटका बसतो.

इथे आणखी एक बजावून सांगतो. आरजे-११ चा प्लग नेटच्या आरजे-४५ सॉकेटमध्ये सहज जातो. बसला म्हणजे बरोबर असं वाटतं, पण तसं नाही. त्याच्या प्लास्टिकच्या कडा सॉकेटमधल्या बाहेरच्या पिना दाबून वाकवतात, आणि फोनच्या लाइनचं घंटीचं व्होल्टेज नेटच्या पोर्टमध्ये घुसलं तर तो पोर्ट गेला म्हणून समजा. ओएनटीच्या मागे लॅनची (म्हणजे नेटच्या केबलची) आणि फोनची खोबणी शेजारीशेजारी असतात, म्हणून दोन्ही वायरींना चिकटपट्टी लावून नावं लिहून ठेवा. घरात कुणी झाडताना प्लग निघाला आणि भलतीकडे लागला तर तोटा तुमचा.

जुन्या ब्रॉडबँडच्या काळातला स्प्लिटर रोझेटजवळ लटकत असेल तर काढून टाका. एकाच तांब्यावरून आवाज आणि नेट आणायचे तेव्हा दोघांना वेगळं करायला तो लागायचा. फायबरवर त्याचं काम उरलेलं नाही, उलट जुन्या सैल जोडामुळे खरखर येते. फोनच्या बुडाशी पी आणि टी (पल्स आणि टोन) असा स्विच असेल तर टी वर ठेवा. पल्स डायलिंग बऱ्याच ओएनटींना कळत नाही, मग टोन येतो पण नंबर लागत नाही. आणि फोनमध्ये साठवलेले मोबाइल नंबर तपासा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावणं बंधनकारक आहे, पण जुन्या फोनच्या स्पीड डायलमध्ये अजून बिनशून्याचे नंबर सापडतात.

एका ओएनटीवर किती फोन चालतात असा प्रश्न पुढे येईलच. घंटी वाजवण्याची तिची ताकद एक्स्चेंजइतकी नसते. खाली एक, वर एक, मशीनचा फॅक्स एक, एवढं बहुतेक पेट्या झेपवतात. चौथा फोन लावल्यावर घंटी बारीक झाली किंवा वाजायची थांबली तर एक काढा. ऑफिसात दोन-तीन टेबलं असतील तर छोटा ईपीएबीएक्स (एका लाइनवर अनेक फोन चालवणारी पेटी) घ्या. ओएनटीची वायर त्याच्या सीओ, म्हणजे बाहेरच्या, लाइनच्या खोबणीत द्या आणि फोन त्याच्या एक्स्टेन्शनवर. म्हणजे ओएनटीला एकच उपकरण दिसतं.

फॅक्सबद्दल थोडक्यात. फायबरवर आवाज छोट्या छोट्या पाकिटांत कापून जातो, आणि फॅक्सला एक पाकीट हरवलेलंही चालत नाही. मशीनच्या सेटिंगमध्ये वेग ९६०० वर आणा, ईसीएम (चुका आपोआप दुरुस्त करायची सोय) बंद करून बघा. दोन-तीन पानं गेली तर ठीक. त्यानंतरही मध्येच तुटत असेल तर कंपनीला टी.३८ (पाकिटांतून फॅक्स नीट नेण्याची पद्धत) चालू आहे का ते विचारा. महिन्याला एखाद-दुसरा फॅक्स असेल तर त्यापायी फार जीव काढू नका, स्कॅन करून ईमेल करा.

आता नेटकडे. फोनची जुनी जोडी नेटला चालणार नाही, पण ती ज्या पाइपातून गेली आहे तो पाइप चालतो, आणि तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. वर जाणारी टेलिफोन वायर खाली पकडून तिच्या टोकाला नव्या कॅट-६ (नेटच्या) केबलच्या दोन लांबी घट्ट बांधा, जोडावर टेप गुळगुळीत गुंडाळा, थोडी टाल्कम पावडर लावा आणि वरून ओढा. खालून दुसऱ्याने केबल सोडत राहायचं. पाऊण इंची पाइपात कोपरे फार नसतील तर दोन कॅट-६ निघतात. एक नेटसाठी, दुसरीतली निळी जोडी फोनसाठी, म्हणजे जी फोनची वायर ओढताना गेली तिची जागा भरून निघते. काही जण एकाच केबलमध्ये नेटही आणि फोनही बसवतात. चालतं, पण मग नेट १०० एमबीपीएसच्या वर जात नाही, कारण गिगाबिटला आठही तारा लागतात. एवढी मेहनत करून केबल ओढताय तर दोन ओढा. पाइपातून विजेची २३० व्होल्टची वायर जात असेल तर मात्र त्यात हात घालू नका, बाहेरून पट्टी मारून केबल न्या.

केबल घेताना दुकानात आतली एक तार सोलून ब्लेडने खरवडून बघा. लालसर तांब्याखाली पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. स्वस्त पडतं, पण प्लगमध्ये तार तुटते आणि दोन पावसाळ्यांत जोड खराब होतो. अस्सल तांब्याचीच घ्या. प्लग क्रिंप करताना (पक्कडीने दाबून बसवताना) दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगची प्लास्टिकची क्लिप खाली आणि तारा शिरतात ती बाजू स्वतःकडे धरली की हा क्रम डावीकडून मोजायचा. लोक रंग जमवतात आणि हिरव्याची जोडी शेजारीशेजारी बसवतात, तिथेच चुकतं. हिरव्याच्या दोन तारांमध्ये निळ्याची जोडी यायला हवी. केबल लागल्यावर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघा. १००० च्या जागी १०० दाखवत असेल तर आठांतली एखादी तार पिनेला लागलेली नाही. प्लग कापून नवा लावा, नशिबावर सोडू नका.

प्रिंटरची गोष्ट आता उलगडते. तुमचा नवा राउटर कुणीतरी वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घ्यायच्या खोबणीत) केबल लावून बसवला असणार. असं केलं की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. खाली ओएनटीचं १९२.१६८.१.काहीतरी, वर राउटरचं १९२.१६८.०.काहीतरी. तुमचा प्रिंटर पूर्वीपासून ओएनटीच्या वायफायला जोडलेला आहे आणि लॅपटॉपला दोन्ही वायफाय माहीत आहेत. लॅपटॉप खालचं पकडतो तेव्हा प्रिंटर दिसतो, वरचं पकडतो तेव्हा दिसत नाही, कारण प्रिंटर शोधण्याची हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. प्रिंटरमध्ये काही बिघाड नाही. खात्री करायची तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप करा, प्रिंटरच्या पडद्यावर त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बघा आणि दोन्हींचे टिंबांनी तोडलेले पहिले तीन गट जुळतात का ते पाहा.

उपाय असा की वरच्या राउटरला राउटरचं काम करूच द्यायचं नाही. त्याच्या सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड (ओएनटीचंच नेटवर्क वायफायने पुढे देणारा) असेल तर तो निवडा. नसेल तर चार गोष्टी हाताने करा: त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा ओएनटीच्याच मालिकेत द्या, तो पत्ता ओएनटी दुसऱ्या कुणाला वाटत नाही हे बघा, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये लावा. दोघांमध्ये केबल एकच असू द्या. दुसरी लावली तर माहिती गोल गोल फिरत राहते आणि अख्खं घर बंद पडतं. भिंतीत खोचायच्या रिपीटरच्या वाटेला जाऊ नका. तो एकाच हवेतून ऐकतो आणि तेच परत बोलतो, त्यामुळे साध्या रिपीटरवर वेग निम्म्यावर येतो. अडकणाऱ्या व्हिडिओ कॉलला तो औषध नाही.

प्रिंटरला लॅनचं खोबण असेल तर वायफायचा नाद सोडून त्याला केबलच द्या. माझं सरळ मत आहे: जे उपकरण जागचं हलत नाही त्याला केबल, जे हातात फिरतं त्याला वायफाय. टेबलावरचा संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, हे सगळे केबलवर गेले की हवा मोकळी होते आणि लॅपटॉप-मोबाइलचं वायफायही सुधारतं. पाच पोर्टांचा छोटा स्विच वर ठेवला की काम झालं.

प्रिंटरला फक्त वायफायच असेल तर लक्षात ठेवा, बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल आणि प्रिंटर जोडताना अडत असेल तर २.४ ला वेगळं नाव द्या. सुरक्षेत नुसतं डब्ल्यूपीए-३ असेल तर जुना प्रिंटर आत येतच नाही, त्याला डब्ल्यूपीए-२ लागतं. मग ओएनटीत जाऊन त्याच्या मॅक पत्त्याला (उपकरणाच्या कायमच्या ओळख क्रमांकाला) एक आयपी कायमचा बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. विंडोजमध्ये प्रिंटर आपोआप जोडला जातो तेव्हा बरेचदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट पडतो आणि दोन दिवसांनी ऑफलाइन दाखवायला लागतो. तो काढून टीसीपी-आयपी पोर्टने त्याच पत्त्यावर पुन्हा जोडा. जीएसटीआर-३बी विवरणपत्राच्या २० तारखेला प्रिंटर ऑफलाइन दिसण्याची कटकट बहुधा इथेच संपते.

चॅनेलही हाताने ठरवा. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर न चढणारे आहेत, म्हणून खाली १ आणि वर ११ ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. वेग जास्त, गर्दी कमी, पण स्लॅब आणि जाड भिंत ओलांडताना हा बँड लवकर दमतो. म्हणून तर वर वेगळा अॅक्सेस पॉइंट हवा. तो लोखंडी कपाटावर, आरशामागे किंवा मायक्रोवेव्हजवळ ठेवू नका. टेबलाच्या वर, उघड्यावर, भिंतीला लावा.

तुमच्या धंद्यात लोकांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे येतात. ऑफिसात येणाऱ्या पक्षकाराने वायफाय मागितलं तर त्याला गेस्ट नेटवर्क द्या, मुख्य पासवर्ड नाही. मात्र राउटर वर अॅक्सेस पॉइंट म्हणून चालत असताना काही राउटरांचं गेस्ट नेटवर्क घरचं नेटवर्क नीट वेगळं ठेवत नाही. स्वतःचा मोबाइल गेस्टवर टाकून प्रिंटर दिसतो का ते बघा. दिसला तर गेस्ट फक्त ओएनटीवरून द्या आणि तिथेही हीच चाचणी करा. ओएनटी आणि राउटर दोघांच्या अॅडमिनचे मूळ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा.

विजेचं काम पैशाच्या मानाने सगळ्यात फायद्याचं आहे. बहुतेक ओएनटी १२ व्होल्ट डीसीवर चालतात. अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, तेवढा देणारा छोटा डीसी यूपीएस घ्या आणि तो अॅडॉप्टर व ओएनटीच्या मध्ये बसवा. वरच्या राउटरला आणि स्विचला वेगळा लागेल, आणि त्यांचे व्होल्ट १२ नसून ९ किंवा ५ असू शकतात, बघून घ्या. घरात इन्व्हर्टर असला तरी हा छोटा यूपीएस लावाच. वीज जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात ओएनटी रीस्टार्ट होऊ शकतो, आणि परत फोन नोंदणी होईपर्यंत काही मिनिटं जातात. चालू असलेला कॉल तर गेलाच. तरीही एक सत्य स्वीकारा: पलीकडची यंत्रणाही विजेवर आहे. तुमच्याकडे बॅटरी असून पॉनचा (फायबरच्या जोडणीचा) दिवा गेला तर पलीकडे काहीतरी बंद आहे. घरात वयस्कर माणसं असतील तर रात्रीबेरात्री ११२ लावायला एक चार्ज केलेला मोबाइल हाताशी ठेवा. वीज गेली तरी फोन चालतोच हा तांब्याच्या काळातला भरवसा आता धरायचा नाही.

फायबरची वायर हॉलमध्ये सोफ्यामागे दाबलेली असते, ते तपासा. तिचं वेटोळं बांगडीपेक्षा लहान असू नये. घट्ट मुडपली तर प्रकाश बाहेर गळतो, नेट मंदावतं आणि मग एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकतो. हिरव्या टोपीचं टोक काढून आत डोकावू नका, डोळ्याला इजा होऊ शकते आणि बोट लागलं तर काचेवर तेलाचा डाग बसतो. तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्याकडच्या मीटरवरचं प्रकाशाच्या ताकदीचं वाचन मागून ओएनटीच्या पाठीवर लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम चांगलं. उणे २७ च्या आसपास साधारण ओएनटीची मर्यादा येते, मग पावसात नेट जा-ये करतं. पुढच्या तक्रारीला हा एक आकडा दहा फोनांचं काम करतो. हवेतून आलेल्या वायरीला आधाराची पोलादी तार असते, ती घराबाहेरच्या हुकला संपली पाहिजे, घरात येता कामा नये.

आता ओएनटी काढून स्वतःचा राउटर लावण्याबद्दल. फायबरचा प्रकाश ओळखणं आणि फोनचा नंबर नोंदवणं या दोन्ही गोष्टी त्या पेटीत कंपनीने भरलेल्या माहितीवर चालतात. दुकानातल्या चांगल्या राउटरलाही फोनचं खोबण बहुधा नसतं, आणि असलं तरी नंबरची सिप माहिती (नेटवरून फोन नोंदवायची) कंपन्या सहसा हातात देत नाहीत. खरोखर ताकदवान राउटर हवा असेल तर कंपनीला सांगून ओएनटीचं नेट ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या. मग राउटरचं सगळं काम तुमचा राउटर करील आणि फोन ओएनटीवरच राहील. त्या वेळी तंत्रज्ञ समोर असतानाच फोन लावून बघा. ब्रिज करताना फोनचं सेटिंग उडालेलं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. तुमच्या घराला मात्र ब्रिजची गरज मला दिसत नाही, वर सांगितलेला अॅक्सेस पॉइंट पुरेसा आहे.

आणि नेट अडलं म्हणून ओएनटीच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट करू नका. पासवर्ड विसरला असला तरीही नाही. त्याने तुमचा वायफायचा पासवर्डच नाही, कंपनीने भरलेली नेटची आणि फोनची माहितीही पुसली जाऊ शकते, आणि ती पुन्हा भरायला तंत्रज्ञच लागतो. वीज बंद करून दोन मिनिटांनी चालू करणं वेगळं, ते खुशाल करा.